लाल रेषेच्या दोन्ही बाजूंना

चूक आत्याच्या लक्षात पहिल्याच दिवशी आली होती.

मंगळवारी ओहोटी लागली तसे आबा खुंट्यांची पाटी, लाकडी हातोडा आणि दोरीचं गुंडाळं घेऊन शेडबाहेर पडले. वादळाने जुनं घर नेलं त्याला सव्वा वर्ष झालं होतं. तेव्हापासून ते आणि त्यांची मोठी लेक, म्हणजे आत्या, होड्यांच्या शेडमध्ये राहत होते, आणि दोघे मुलगे गावात आपापल्या भाड्याच्या खोल्यांत पांगले होते. आता नवीन घर व्हायचं होतं. लाकडाचं आणि बांबूचं, खांबांवर उचललेलं, समुद्राकडे भिंतच नसलेलं. कागदावर ते काढलं होतं घारीने, थोरल्याच्या लेकीने, जी शहरात जाऊन घरं काढायचं शिकून आली होती. बांधणार होते आबा. घारीने कळवलं होतं, बांबू मागवण्याआधी सगळं घर खुंट्या-दोरीने जमिनीवर आखून ठेवा, खऱ्या मापाचं. शुक्रवारी सगळे जमतील, आपापल्या खोलीत उभे राहून बघतील आणि मगच बांबूवाल्याला आकडा सांगायचा.

आत्याने दोरीचं टोक धरलं. आबांनी कागदावरच्या लाल रेषेच्या जागी पहिली खुंटी ठोकली, उजवीकडे सात फूट मोजून दुसरी ठोकली, आणि मग वळून डावीकडेही सात फूट मोजले.

आत्याचा हात तिथेच थांबला.

घारीची लाल रेषा म्हणजे घराचं एक टोक होतं. इथून मोजायला लागा, एवढाच तिचा अर्थ. पण आबांनी साठ वर्षं होड्या बांधल्या होत्या, आणि होडीच्या कागदावर अर्धीच होडी काढलेली असते. मधली रेषा लाल, तिच्या एका बाजूची मापं. दुसरी बाजू तशीच, ती पुन्हा काढत बसायला वेळ कुणाला आहे? आत्या स्वतः आधी शिडं शिवायची आणि शिडं गेल्यावर ताडपत्र्या शिवायला लागली. कापड दुमडून अर्धंच बेतायचं हे तिच्याही हातात होतं. त्यामुळे आबा काय करताहेत ते तिला तेव्हाच कळलं. घराला होडी समजून ते दुप्पट आखत होते.

"आबा," म्हणायला तिने तोंड उघडलंसुद्धा. मग तिचं लक्ष पायांखाली गेलं. लाल रेषेला लागून पहिली खोली तिची होती. सात फूट, शिवणयंत्र ठेवलं की खाट भिंतीला घासणार. तेही तिला पुष्कळ वाटलं होतं, कारण लग्न मोडून परत आल्यापासून अठ्ठावीस वर्षं ती जुन्या घराच्या बोळात झोपली होती, आणि पाणी प्यायला उठलेलं प्रत्येक माणूस तिच्या पायांना अडखळून वर "झोपलीस का गं?" असं विचारून पुढे गेलं होतं. आता सात आणि सात चौदा झाले होते. चौदा फुटांत ताडपत्री जमिनीवर पुरी पसरता येते.

तिने तोंड मिटलं आणि दोरी ताणून धरली. फार मोठं पाप केलं असं तिला वाटलं नाही. थोडंसं केलं असं वाटलं, तीन दिवस.

बुधवारी दुसरं स्वयंपाकघर आखायची वेळ आली तेव्हा आबा खुंटी हातात धरून बराच वेळ उभे राहिले. आत्याला वाटलं, आता यांना कळलं. पण त्यांनी खुंटी ठोकली, नेहमीपेक्षा दोन घाव जास्तच घातले, आणि दुपारचा चहा अर्धा तसाच टाकून दिला.

*

थोरल्याची नोकरी बंदरावरच्या कचेरीत. उतरलेल्या पेट्या कागदाशी ताडून बघायच्या आणि जुळल्या नाहीत तर पुन्हा मोजायच्या. पंचवीस वर्षं हेच केल्यावर माणसाचा जगाबद्दल एक समज होतो: कागदावर जे आहे ते जमिनीवर असलंच पाहिजे. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता कागद हातात घेऊन तो शेडच्या बाजूने आखणीत शिरला.

"ही धाकट्याची खोली. बारा. ही आपली. बारा. हे स्वयंपाकघर. ही पडवी, आबांची खाट इथे," तो एकेक दोरी ओलांडत म्हणत होता. "ही ताईची खोली. संपलं."

संपलं नव्हतं. पुढे पुन्हा पडवी होती. तिच्यापुढे पुन्हा स्वयंपाकघर. दोऱ्या पार विहिरीपर्यंत गेल्या होत्या.

"तुम्ही दोनदा मोजलंत," मागून त्याची बायको, थोरली, म्हणाली.

"मी मोजण्यात चुकत नाही."

"मग मी येते बरोबर. चला पहिल्यापासून."

दोघंही पुन्हा शेडपासून निघाले. वाटेत ताईच्या खोलीत आत्या पाटावर बसून दोरीची गाठ सोडवत होती. थोरला तिच्या डावीकडून गेला, थोरली उजवीकडून, आणि विहिरीपाशी पोचून दोघंही तसेच तिच्या दोन्ही बाजूंनी परत आले.

"ताई, हे काय आहे?" थोरल्याने विचारलं.

"घर," आत्या म्हणाली.

"ते दिसतंय. स्वयंपाकघरं दोन कशी?"

"मी दोरी धरली रे. खुंट्या आबांनी ठोकल्या."

हे खरं होतं आणि खरं नव्हतंही. आत्याने पुन्हा गाठीत डोकं घातलं.

थोरल्याला आता आतून काहीतरी सलायला लागलं. त्याने विचार केला, आबांनी वाटणी केली. मला न विचारता. मी थोरला, सव्वा वर्ष सगळ्यांना "घर झालं की एकत्र येऊ" म्हणून सांगत फिरलो, आणि इकडे म्हाताऱ्याने दोऱ्या लावून मोकळं केलं. त्याने बायकोकडे बघितलं. तिलाही वाईट वाटत असेल असं त्याला वाटलं. पण थोरली दुसऱ्या स्वयंपाकघराकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला वाईट वाटणं म्हणता आलं नसतं. त्याचा गोंधळ आणखी वाढला.

*

धाकटी शाळेत गणित शिकवायची. धाकटा होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा आणि घरात कमी बोलायचा. बोलायचं काम त्याने लग्नात तिच्याकडे सोपवलं होतं. आल्या आल्या ती विहिरीकडच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. एक पाऊल इकडे, एक पाऊल तिकडे. इथे फळी. इथे पाण्याची घागर. समोर समुद्र, मध्ये काहीच नाही. चटईचा पडदा दोरीने वर ओढला की वारा थेट चुलीच्या मागून निघून जाणार. भाड्याच्या खोलीत सव्वा वर्षात तिला एक सवय लागली होती, मिठाचा डबा आपल्याला हवा तिथे ठेवायची. ही सवय मोडावी लागणार म्हणून ती गेला महिनाभर नीट झोपली नव्हती. हे तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

आनंद झाला आणि लगेच राग आला. कुणी केलं हे? आम्हाला वेगळं काढायचं कुणी ठरवलं? ढकलून दिल्याचा अपमान वाटत होता आणि जिथे ढकललं ती जागा फार आवडली होती. या दोन्हींचं काय करायचं ते तिच्या गणितात बसेना.

"आवडलं का?" दोरीपलीकडून थोरलीचा आवाज आला.

"काय?"

"स्वयंपाकघर. तुमचं."

"आमचं? आम्ही कुठे मागितलं? कागद तुमच्या लेकीने काढलाय."

"माझी लेक मला विचारून काही करत असती तर घराला भिंती नसत्या का?" थोरली म्हणाली. "अगं, भिंतीला कान असतात म्हणून आपण हळू बोलायचो. इथे धड भिंतच नाही. भांडायचं कुठे जाऊन माणसाने?"

"म्हणून तुम्ही आम्हाला विहिरीकडे पाठवलंत?"

"मी? मला वाटलं तुम्हीच आबांच्या कानाला लागलात."

"मी आबांशी शेवटची बोलले ती त्यांच्या चष्म्याबद्दल!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. खोटं कोण बोलतंय ते दोघींनाही कळेना, कारण कुणीच खोटं बोलत नव्हतं.

तेवढ्यात थोरला आला. त्याच्यामागे धाकटा.

"धाकट्या, सरळ सांग," थोरला म्हणाला. "वेगळं व्हायचं होतं तर तोंडाने सांगायचंस. आबांना पुढे करायची काय गरज?"

"मी काय केलं?"

"हे!" थोरल्याने हातातल्या कागदाने विहिरीपर्यंतचा सगळा किनारा दाखवला.

"दादा, मी आत्ता आलोय. माझ्या हाताचं ग्रीससुद्धा सुटलेलं नाही."

"मग कुणी केलं?"

"आबांनी केलं ना? मग आबांना विचार."

"मी विचारू? का, तुला जीभ नाही?"

दोघे भाऊ एकाच आखणीत चार फुटांवर उभे होते आणि एकमेकांचं काहीच त्यांना समजत नव्हतं. दोन डोळे शेजारी, भेट नाही संसारी, असं आबा या दोघांबद्दल म्हणायचे, ते उगीच नाही. भांडत भांडत चौघेही आबांना शोधायला शेडकडे निघाले, अर्थातच आत्याच्या खोलीतून. थोरलीचा पाय दोऱ्याच्या रिळावर पडला. "बाजूला ठेवा हो वन्सं हे," ती म्हणाली आणि पुढे गेली.

आत्याने रीळ उचलून फुंकर घातली. आता सांगावं, असं तिच्या मनात आलं. चार शब्दांचं काम. पण चार शब्दांनंतर सात फूट जाणार होते, आणि पुन्हा सगळे जण तिच्या खाटेला खेटून येणार-जाणार होते.

*

शेडमध्ये आबा सापडले नाहीत. तेवढ्यात बांबूवाला ठरल्या वेळेआधीच खाडीतून तराफा घेऊन आला आणि जुन्या जोत्यावर बसला. तोडलेले बांबू आधी खाडीच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे मुरवून ठेवायचे, म्हणजे पुढे त्यांना कीड लागत नाही. त्यासाठी नेमका आकडा त्याला आजच हवा होता.

"भरती उतरायच्या आत सांगा," तो म्हणाला. "तराफा गाळात रुतला तर मला रात्रीचं जेवायला इथेच थांबावं लागेल. आणि कुठल्या चुलीवरचं जेवायचं ते काही मला तुमच्या बोलण्यावरून कळत नाहीये."

याच वेळी घारी बसमधून उतरून, काखेत कागदांची गुंडाळी घेऊन, रेतीतून चालत आली. लांबून तिला वाटलं आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या जागेवर आलो. तिचं घर एवढं नव्हतं. तिचं घर सत्तावन्न फुटांचं, आटोपशीर होतं. जुनं विटांचं घर वादळात गेलं कारण खिडकीतून आत शिरलेल्या वाऱ्याला बाहेर जायला वाट मिळाली नाही आणि तो छप्पर घेऊन निघाला. म्हणून नव्या घरात तिने वाऱ्याला सगळीकडून वाट दिली होती. भिंती डोक्याएवढ्याच, वर मोकळं. जमिनीच्या फळ्यांत बोटभर फटी, म्हणजे रेती आपली आपण गळून जावी. खिळे कुठेच नाहीत, खाऱ्या हवेत ते टिकत नाहीत. सगळे सांधे होडीसारखे, लाकडी खुंट्यांचे. शहरात तिच्या गुरूंनी या कागदाची तारीफ केली होती. पण सगळ्यांनी तिला गराडा घातला तेव्हा वाऱ्याबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही.

"दोन स्वयंपाकघरं कुणाच्या सांगण्यावरून काढलीस?" वडील.

"खरं सांग, काकूने सांगितलं ना?" आई.

"घारी, तू तरी आम्हाला असं करायला नको होतंस," काकू.

"कुठली दोन?" घारी म्हणाली. "मी एकच काढलंय. थांबा. एकच आहे. हे बघा कागदावर."

सगळ्यांनी कागद बघितला. कागदावर एकच होतं. सगळ्यांनी जमीन बघितली. जमिनीवर दोन होती.

"मी तेच म्हणतोय सकाळपासून," थोरला म्हणाला. निदान मोजणीत तरी आपण बरोबर निघालो याचं त्याला बरं वाटलं.

"बाराशे चाळीस ना?" जोत्यावरून बांबूवाला ओरडला. "आबांनी काल तसा अंदाज कळवलाय."

"सहाशे वीस!" घारीने ओरडून सांगितलं आणि ओरडताना तिचा आवाज मध्येच बारीक झाला. सहाशे वीस आणि बाराशे चाळीस. तिने जमिनीवरची मधली खुंटी बघितली. तिच्यावर आबांनी लाल चिंधी बांधली होती.

आबा शेडच्या दारात उभे होते. कधीपासून, ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"आबा," घारीने अगदी सांभाळून विचारलं, "बांबू दुप्पट कसे झाले?"

"तू अर्ध्याचेच लिहिलेस ना?" आबा म्हणाले. "लाल रेषा मधली. एका बाजूचं काढलंस. दुसरी बाजू तशीच."

 हे धाकट्याला सगळ्यांत आधी समजलं, कारण लहानपणी त्याने शेडमध्ये तसले कागद पुष्कळ बघितले होते, आणि तो मोठ्याने हसला. "आबांनी होडी केली घराची!" तो म्हणाला. पण कुणी हसलं नाही म्हणून त्यालाही थांबावं लागलं.

"ती मधली रेषा नाही, आबा," घारी म्हणाली. "टोक आहे घराचं."

आबांनी कागद हातात घेतला. चष्मा पुसला, पुन्हा लावला. कागद आडवा धरला, उभा धरला. मग नीट घडी करून तिला परत दिला.

"असं होय," ते म्हणाले.

*

आत्याला वाटलं होतं, चूक उघडी पडली की सगळे हसतील आणि तिची खोली जाईल. एवढंच होईल. पण थोरल्याने घसा खाकरला. बंदरावर तो असाच खाकरायचा, कुणाचा तरी माल अडकवायच्या आधी.

"मी पहिल्यापासून म्हणतोय," तो म्हणाला. "आबांना आता झेपणार नाही हे. आज खुंटी चुकली, उद्या खांब चुकेल. त्याच्याखाली झोपणार आहोत आपण. सरळ एखादा कंत्राटदार बघू. विटांचं बांधू, चार भिंतींचं, दार लावता येईल असं. घारी, तुझा कागद छान आहे, पण तो बांधायला माणूस धड हवा."

"दादा," धाकटा म्हणाला.

"मी वाईट बोलतोय का? वय झालंय त्यांचं. आपण नाही बोललो तर कोण बोलणार?"

आबा तिथेच होते. ते हातातल्या हातोड्याकडे बघत राहिले. मुठीच्या जागी लाकूड झिजून त्यांच्या पंजाचा खोलगट आकार झाला होता. मग त्यांनी तो हातोडा पाटीत ठेवला, सावकाश, खुंट्यांच्या वर.

वादळानंतर सव्वा वर्ष आबा याच घरासाठी उठत होते. रोज सकाळी शेडमधली सागाची फळी न् फळी उलटून, पुसून परत रचून ठेवत होते. हे फक्त आत्याने बघितलं होतं, कारण शेडमध्ये तीच होती. आणि तिच्या मनात जे आलं त्याची तिला लाज वाटली. गप्प राहिलीस तरी चालेल, असं आलं. सात फूट तसेही गेलेच.

"चूक आबांची नाही," ती म्हणाली.

तिचा आवाज कुणाला ऐकू गेला नाही. ती मोठ्याने कधी बोलतच नव्हती. ती उठून उभी राहिली.

"थोरल्या! चूक आबांची नाही म्हणतेय मी. माझी आहे. मंगळवारीच कळलं मला. दोरी माझ्याच हातात होती. डावीकडे सात फूट मोजले तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?" थोरला म्हणाला.

"खोली मोठी होत होती माझी."

इतकं सरळ उत्तर या घरात कुणी कुणाला बरेच दिवसांत दिलं नव्हतं. 

"तीन दिवस गप्प बसले," आत्या म्हणाली. आता ती रडत होती आणि रागावलेलीही होती, आणि कुणावर ते तिलाही सांगता आलं नसतं. "अठ्ठावीस वर्षं बोळात झोपले मी. एकदा वाटलं, होऊ दे दुप्पट. आबांचं डोकं ठिकाणावर आहे. साठ वर्षं मधल्या रेषेवरून मोजलं, तसंच मोजलं त्यांनी. कागद त्यांच्या हातात देताना कुणी सांगितलं का, की हा तसा कागद नाही म्हणून? ना घारीने, ना मी."

घारीने मान खाली घातली. खरंच, तिने सांगितलं नव्हतं. रेषा म्हणजे रेषा, त्यात सांगायचं काय, असं तिला वाटलं होतं.

"पण आबा," धाकटी म्हणाली. गणिताच्या माणसाला उरलेला प्रश्न तसाच सोडून देववत नाही. "दुसरी चूल आखताना तुम्हाला नवल वाटलं नाही?"

आबा पाटीजवळ खाली बसले होते. 

"वाटलं की," ते म्हणाले. "खुंटी हातात घेऊन उभा राहिलो. मला वाटलं, तुमचं सगळ्यांचं ठरलंय. म्हाताऱ्याला तोंडावर सांगवत नाही, म्हणून कागदावर काढून दिलंत. म्हटलं, ठीक आहे. निदान माझ्याच हाताने ठोकतो."

थोरल्याने तोंड दुसरीकडे वळवलं. धाकटा वाळूत पाय घासायला लागला. 

"मला वेगळी चूल आवडते," धाकटी एकदम म्हणाली. "नाही, बोलू दे मला. सव्वा वर्ष आवडली. आणि मला इथे, सगळ्यांबरोबर राहायचंय, हेही खरं आहे. दोन्ही हवंय मला. काय करू?"

सगळ्यांनी थोरलीकडे बघितलं. हिचा भडका उडणार, असं सगळ्यांनाच वाटलं.

"मला काय बघताय?" थोरली म्हणाली. "मलाही आवडते. वीस वर्षं हिला फोडणी करपवताना बघितलंय मी, जीभ चावून चावून."

"माझी फोडणी करपत नाही!"

"बघ. म्हणूनच म्हणते."

आबा दोघींकडे आळीपाळीने बघत होते. दुसरी चूल म्हणजे घर मोडलं, असं ते तीन दिवस धरून चालले होते. आणि या दोघी तर सव्वा वर्षात पहिल्यांदाच एका सुरात भांडत होत्या. त्यांना काही नीट कळेना. पण अंगावरचं काहीतरी उतरलं एवढं कळलं.

"घारी," ते म्हणाले, "तुझं घर किती फुटांचं?"

"सत्तावन्न."

"दोन चुली बसव त्यात. पण पडवी एकच, या टोकापासून त्या टोकापर्यंत, समुद्राच्या बाजूने. शिजवायचं तिथे शिजवा, जेवायला पडवीत यायचं. सगळ्यांनी."

घारीने पाठीवर कागद टेकवायला काकाला वाकायला लावलं आणि पेन्सिल काढली. "मग आत्याची खोली एका टोकाला सात फूट, आणि..."

"चौदा," आबा म्हणाले. "मधोमध. मधली रेषा एकदा मारली की हलवायची नाही. बाकीचं कमी-जास्त करायचं असतं, ती नाही."

"चौदा फुटांत मध्ये खांब येईल, आबा."

"येऊ दे. शिवताना टेकायला होईल तिला."

घारीने हिशोब केला. सत्तावन्नातून चौदा गेले, उरले त्रेचाळीस; एकेका बाजूला साडेएकवीस. चूल आठ, खोली साडेतेरा. बसत होतं. तिच्या कागदातलं जवळजवळ सगळंच बदललं होतं, फक्त वारा तिने दिला होता त्या वाटेने अजून येत-जात होता. तिला जरा वाईट वाटलं, आणि हे घर आधीच्यापेक्षा खरं आहे असंही वाटलं.

"साडेसहाशे!" तिने बांबूवाल्याला ओरडून सांगितलं. "नक्की!"

"नक्की म्हणजे अर्धे की पुरे?" तो तराफ्यावर चढत म्हणाला.

आबांनी पाटीतून हातोडा उचलला. "थोरल्या, दोरी धर," ते म्हणाले. आणि ज्याने जन्मात खुंटी हातात घेतली नव्हती त्या थोरल्याने दोरीचं टोक धरलं, चुकीच्या हातात, आणि आबांनी "दुसऱ्या हातात" म्हटल्यावर दुसऱ्या हातात. विहिरीकडच्या खुंट्या निघाल्या, शेडकडच्या निघाल्या, घर दोन्ही बाजूंनी आत सरकायला लागलं. लाल चिंधीच्या आजूबाजूच्या चार खुंट्यांना कुणी हात लावला नाही.

आत्या त्या चार खुंट्यांच्या आत जाऊन समुद्राकडे तोंड करून वाळूवर बसली. रीळ तिने जवळ ठेवलं. तिला आता काय वाटत होतं ते तिचं तिलाच कळत नव्हतं. रडू अजून पुरतं थांबलं नव्हतं, आणि हसूही येत होतं. तिने हात पसरून बघितले. कुठेच काही लागलं नाही.

शेडमधून थोरली दोन पेले चहा घेऊन आली. सकाळपासून ती या खोलीतून दहादा गेली असेल. आताही सरळ चालत आली आणि दोरीपाशी पाय उचलला. उचललेला पाय तिने परत खाली ठेवला, अलीकडेच. दोन्ही हातांत पेले होते, टकटक करायला दार नव्हतं.

"वन्सं," ती म्हणाली, "येऊ का आत?"

हा प्रश्न आत्याला तिच्या अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात कुणी विचारला नव्हता. तिने मागे वळून बघितलं नाही. पदराने डोळे पुसले, मांडी नीट घातली, आणि वाळूवरचं रीळ उचलून बाजूला ठेवलं.

"थांब जरा," ती म्हणाली.

आणि थोरली चहा घेऊन दोरीबाहेर थांबली.